पीएमआय बंद करायला खर्च किती? अप्रेझलचे सहाशे डॉलर भरण्याआधी

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यू जर्सीत पाच लाख डॉलरला टाउनहाउस घेतलं. दहा टक्के डाउन पेमेंट, साडेचार लाखांचं तीस वर्षांचं कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी विमा नसलेलं, लोन, व्याज साडेसहा टक्के. पीएमआय, म्हणजे प्रायव्हेट मॉर्गेज इन्शुरन्स, दरमहा १५० डॉलर. छत्तीस हप्ते भरून झाले, एकही चुकलेला नाही. आमच्याच रांगेतलं घर नुकतंच बऱ्याच जास्त भावाला गेलं. पीएमआय बंद करा म्हणून सर्व्हिसरला, म्हणजे कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला, फोन केला, तर उत्तर मिळालं की अप्रेझलचे, म्हणजे घराच्या मूल्यांकनाचे, ६०० डॉलर भरा, पण बंद होईलच याची खात्री नाही. पैसे भरावेत, रीफायनान्स करावं, म्हणजे नवं कर्ज काढून जुनं फेडावं, की वाट पाहावी?

मी न्यू जर्सीत गेली अनेक वर्षं घरकर्जाचं काम करतो. त्याआधी काही वर्षं एका लोन सर्व्हिसिंग कंपनीत फोन घेण्याच्या डेस्कवर होतो. हाच प्रश्न तिथे रोज यायचा, आणि लोकांचे पैसे नक्की कुठे जातात हे मला तिथेच कळलं. म्हणून आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. पीएमआय बंद करण्याची अशी वेगळी फी नसते. कायद्यानुसार त्याबद्दलच्या सूचना आणि माहिती देण्यासाठी तुमच्याकडून एक सेंटही घेता येत नाही. पैसे लागतात ते घराची किंमत सिद्ध करायला, आणि त्याहून कितीतरी जास्त पैसे जातात ते नुसतं थांबून राहिल्यामुळे. मात्र सहाशे डॉलर भरण्याआधी तुम्ही कोणत्या नियमाखाली अर्ज करताय हे ठरवायला हवं. तेच ठरवलं नाही तर ती फी खरोखर वाया जाते.

पीएमआयबद्दल आपल्या लोकांचा एक गोंधळ मी वारंवार पाहतो. भारतात बँक गृहकर्जासोबत आयुर्विम्याचं संरक्षण गळ्यात घालते: कर्जदाराचं काही बरंवाईट झालं तर विमा कंपनी कर्ज फेडते. पीएमआय तसा नाही. हप्ते तुम्ही भरता, पण विमा असतो कर्ज देणाऱ्याचा. तुम्ही कर्ज बुडवलंत आणि घर विकून पूर्ण रक्कम वसूल झाली नाही, तर त्याचं नुकसान हा विमा भरून देतो. तुमच्या बायकोमुलांना त्यातून काहीही मिळत नाही. म्हणून ‘असू दे, संरक्षण आहे’ असं म्हणून तो चालू ठेवण्यात अर्थ नाही. आणि आग, वादळ, चोरी यांचा जो होमओनर्स इन्शुरन्स असतो तो वेगळा, त्याला हात लावायचा नाही. एका गृहस्थांनी घाईघाईत नेमका तोच रद्द केला होता. मग सर्व्हिसरने स्वतःहून महागडी पॉलिसी लावली आणि ती काढून घ्यायला आम्हाला दोन महिने लागले.

आता कायदा. १९९८ साली अमेरिकी काँग्रेसने होमओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट केला आणि २९ जुलै १९९९ पासून तो लागू झाला. त्या दिवसापासून घेतलेल्या, स्वतः राहण्याच्या घराच्या कर्जांना तो लागतो. त्याआधी कर्ज निम्म्यावर आलं तरी लोक विम्याचे हप्ते भरत राहायचे, कारण थांबवण्याचा ठोस हक्कच नव्हता. या कायद्यात दोन आकडे आहेत आणि त्यांतला फरक नीट समजून घ्या. घराच्या मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर कर्ज आलं की तुम्ही लेखी अर्ज करून पीएमआय रद्द करून घेऊ शकता. ७८ टक्क्यांवर तो सर्व्हिसरला आपोआप बंद करावा लागतो, फक्त त्या वेळी तुमचे हप्ते थकलेले नसावेत. मूळ किंमत म्हणजे खरेदीची किंमत आणि त्या वेळचं अप्रेझल, यांत जी कमी असेल ती.

तुमच्या कर्जाचं गणित मांडू. मुद्दल आणि व्याज मिळून हप्ता २,८४४ डॉलर. पहिल्या हप्त्यातले २,४३७ डॉलर व्याजात गेले आणि मुद्दल कमी झालं अवघं ४०७ डॉलरने. सुरुवातीची वर्षं अशीच जातात. छत्तीस हप्त्यांनंतर तुमचं मुद्दल साधारण ४,३३,९०० डॉलर उरलं आहे. काहीही न करता नुसते हप्ते भरत राहिलात तर ८० टक्के, म्हणजे चार लाखांची रेषा पंच्याण्णवाव्या हप्त्याला येते, ऑक्टोबर २०३० मध्ये. आपोआप बंद होण्याची ७८ टक्क्यांची रेषा, म्हणजे ३,९०,००० डॉलर, एकशे नवव्या हप्त्याला येते, डिसेंबर २०३१ मध्ये. मधले चौदा महिने केवळ पत्र न पाठवल्याची किंमत आहेत: चौदा गुणिले दीडशे, २,१०० डॉलर. आणि आजपासून ७८ टक्क्यांपर्यंत वाट पाहिलीत तर १०,९५० डॉलर. सहाशे डॉलरकडे पाहताना हा आकडा शेजारी लिहून ठेवा.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे हौसेने जास्तीचं मुद्दल भरणारी माणसं फसतात. आपोआप बंद होण्याची तारीख तुम्ही प्रत्यक्षात किती भरलंत यावर ठरत नाही. कर्ज घेताना जे मूळ वेळापत्रक छापलं, त्यावर ठरते. दर दिवाळीला बोनसमधून पाच हजार डॉलर मुद्दलात टाकणारी माणसं ठरलेल्या तारखेच्या कितीतरी आधी ७८ टक्क्यांखाली जातात आणि समजतात की आता कंपनी स्वतःहून थांबवेल. कंपनी थांबवत नाही. तिच्या संगणकात ती जुनीच तारीख आहे आणि कायद्याने तिला तेवढंच पुरतं. जास्तीच्या भरण्याचा फायदा हवा असेल तर ८० टक्क्यांवर आल्याबरोबर तुम्हीच लेखी मागणी करायला हवी. एका जोडप्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्यांचं स्टेटमेंट उघडलं तेव्हा कर्ज मूळ किमतीच्या ७१ टक्क्यांवर होतं आणि खालच्या ओळीत पीएमआयचे ११८ डॉलर तसेच चालू होते. जवळजवळ तीन वर्षं. त्या बाईंनी कॅल्क्युलेटर काढून तिथेच गुणाकार केला आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ते पैसे परत मिळाले नाहीत, कारण अर्ज कधी केलाच नव्हता.

हा झाला मूळ किमतीचा नियम. तुमच्या प्रश्नातली शेजारच्या घराच्या भावाची गोष्ट दुसऱ्या नियमात बसते, आणि तो नियम या कायद्यातला नाही. घराची आजची किंमत धरून पीएमआय काढण्याची मुभा कर्जाच्या मालकाच्या धोरणातून येते. बहुतेक कन्व्हेन्शनल कर्जं शेवटी फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या कंपन्यांकडे असतात. तुमचं कोणाकडे आहे ते दोघांच्या वेबसाइटवर पत्ता टाकून फुकट पाहता येतं. स्वतः राहण्याच्या एका कुटुंबाच्या घरासाठी त्यांचा ढोबळ नियम असा: कर्जाला दोन वर्षं झाली पण पाच झाली नसतील, तर उरलेलं कर्ज आजच्या किमतीच्या ७५ टक्के किंवा त्याहून कमी हवं. पाच वर्षं उलटली की ८० टक्के चालतं. दोन वर्षांच्या आत सहसा दार बंद, अपवाद फक्त घरात मोठी सुधारणा केली असेल तर. भाड्याने दिलेलं घर किंवा दोन-चार कुटुंबांचं घर असेल तर नियम याहून कडक आहेत. कर्ज या दोघांकडे नसून बँकेने स्वतःजवळच ठेवलेलं असेल, तर त्या बँकेचा नियम लेखी मागवा.

आता तुमच्या घराला हे लावू. तुम्ही दोन ते पाच वर्षांच्या टप्प्यात आहात. ४,३३,९०० हे ७५ टक्के व्हायचे तर घराची किंमत किमान ५,७८,५०० डॉलर यायला हवी. शेजारचं घर त्याच मापाचं, त्याच स्थितीतलं असेल आणि सहा लाखांच्या आसपास गेलं असेल, तर आजच अर्ज करा. तुमचा एकूण खर्च ते सहाशे डॉलर. चार महिन्यांत वसूल.

किंमत ५,६०,००० च्या आसपास वाटत असेल तर? ५,६०,००० चे ७५ टक्के म्हणजे ४,२०,०००. म्हणजे मुद्दलात १३,९०० डॉलर भरून तुम्ही आत येता. हे पैसे खर्च झाले असं समजू नका, ते तुमच्याच घरात जातात. वर्षाचे १,८०० डॉलर पीएमआयचे वाचतात आणि त्या मुद्दलावरचं साडेसहा टक्के व्याजही वाचतं, मिळून वर्षाला सुमारे २,७०० डॉलर. १३,९०० वर एवढं देणारी सुरक्षित जागा मला तरी माहीत नाही. पण आणीबाणीसाठी ठेवलेली शिल्लक यात घालू नका. नोकरी गेली आणि एच-वन-बी व्हिसावर नवी नोकरी शोधायची साठ दिवसांची मुदत सुरू झाली, तर घरात अडकलेले पैसे त्या साठ दिवसांत बाहेर येत नाहीत. हे मी घाबरवायला सांगत नाही, २०२३ च्या नोकरकपातीत हे लोकांवर आलेलं जवळून पाहिलं म्हणून सांगतो.

तेवढे पैसे हाताशी नसतील तर पाच वर्षं पूर्ण होण्याची वाट पाहा. साठ हप्त्यांनंतर मुद्दल सुमारे ४,२१,२५० असेल आणि तेव्हा ८० टक्के चालत असल्यामुळे घराची किंमत ५,२६,६०० असली तरी पुरेल. दोन वर्षं थांबण्याची किंमत ३,६०० डॉलर. हे काही वाईट गणित नाही. घाईने क्रेडिट कार्डवर पैसे उचलून मुद्दल भरण्यापेक्षा हजारपट चांगलं.

आणि किंमत ५,३३,००० च्या खाली वाटत असेल, तर आजच्या किमतीच्या नियमाखाली अप्रेझल करूच नका. कारण ५,३३,००० चे ७५ टक्के चार लाखांहून कमी भरतात, आणि चार लाखांवर तर तुम्हाला मूळ किमतीच्या नियमाने कायद्याचा हक्कच मिळतो. तेव्हा पैसे असतील तर ३३,९०० डॉलर भरून सरळ तो हक्क वापरा. तिथे सर्व्हिसर फक्त एवढाच पुरावा मागू शकतो की घराची किंमत मूळ किमतीपेक्षा खाली गेलेली नाही. त्यासाठी बऱ्याचदा पूर्ण अप्रेझल लागत नाही, संगणकीय मूल्यांकनावर किंवा ब्रोकरच्या मतावर भागतं. फोनवरची व्यक्ती मात्र बहुधा दोन्ही नियम एकत्र करून ‘अप्रेझलचे सहाशे भरा’ एवढंच सांगते. तिला तुमच्या हिताची काळजी नाही असं मी म्हणणार नाही, पण तिच्यासमोर संगणकाची एकच स्क्रीन उघडी असते. तुम्हीच विचारा: ‘मी मूळ किमतीवर मागतोय की आजच्या किमतीवर? माझ्या कर्जाला कोणती टक्केवारी लागते? मूल्यांकन कोणत्या प्रकारचं आणि त्याची फी किती?’ उत्तर लेखी मागा.

मूल्यांकनाच्या फीबद्दल. पूर्ण अप्रेझल, म्हणजे माणूस घरी येऊन आतबाहेर पाहून अहवाल देतो, त्याचे आमच्या भागात साधारण ४५० ते ७०० डॉलर पडतात. बीपीओ, म्हणजे रिअल इस्टेट ब्रोकरने दिलेलं किमतीचं मत, बरंच स्वस्त, बहुधा दीडदोनशेच्या आत. कोणतं चालेल हे तुम्ही ठरवू शकत नाही, सर्व्हिसर ठरवतो, आणि माणूसही तोच पाठवतो. म्हणून ओळखीच्या अप्रेझरला आधीच बोलावून अहवाल करून घेऊ नका. तो अहवाल कितीही चांगला असला तरी सर्व्हिसर तो घेत नाही आणि पाचसहाशे डॉलर पाण्यात जातात. त्याऐवजी ओळखीच्या रिअल्टरकडून, म्हणजे घरांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एजंटकडून, गेल्या सहा महिन्यांत जवळपास विकल्या गेलेल्या घरांची यादी मागवा. विकायला लावलेल्या घरांचे भाव धरू नका, व्यवहार पूर्ण झालेले आकडे धरा. वेबसाइटवर दिसणारा अंदाज दिशा दाखवायला ठीक आहे, पण माझ्या पाहण्यात तो दोन्ही बाजूंना भरपूर चुकलेला आहे.

अप्रेझर येतो तेव्हा काय होतं ते सांगतो, कारण इथे हजारो डॉलरचा फरक पडतो. तो लेझरने मोजमाप घेतो, प्रत्येक खोलीचा फोटो काढतो आणि वीस-तीस मिनिटांत निघतो. त्याला तुमच्या घराचा इतिहास ठाऊक नसतो. छप्पर कधी बदललं, हीटिंग-कूलिंगचं युनिट कोणत्या वर्षीचं, खिडक्या नव्या आहेत का, स्वयंपाकघर कधी केलं, हे एका कागदावर वर्षांसकट लिहून त्याच्या हातात द्या. जवळच्या तीन विक्रींची यादीही द्या. किंमत किती यायला हवी हे मात्र त्याला सांगू नका. तसा दबाव आणायची परवानगी कुणालाच नाही.

बेसमेंटबद्दल आपल्या लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. गणपतीत सगळी मंडळी जिथे बसतात, गाण्याच्या बैठका जिथे होतात, ते सुरेख केलेलं बेसमेंट अप्रेझलमध्ये घराच्या मुख्य क्षेत्रफळात धरलं जात नाही. जमिनीच्या पातळीखालचा भाग वेगळा मांडतात आणि त्याला वरच्या मजल्याचा भाव मिळत नाही. एका कुटुंबाने बेसमेंटवर चाळीस हजार घातले होते, टाउनशिपचं परमिट न घेता. अप्रेझरने परमिट विचारलं, कागद नव्हता, आणि किंमत हवी होती त्यापेक्षा सहा हजारांनी कमी आली. त्यांना वाटलं, संपलं सगळं. पण सहा हजारांचे ७५ टक्के म्हणजे साडेचार हजारच. सर्व्हिसरला विचारलं, तर तेवढं मुद्दल भरल्यास त्याच अहवालावर पीएमआय काढायला तो तयार झाला. महिन्याभरात काम झालं. मूल्यांकन ठरावीक दिवसच ग्राह्य धरतात, म्हणून किंमत थोडक्यात हुकली तर फाइल मिटवून ठेवू नका. त्याच आठवड्यात फोन करून किती भरलं तर चालेल ते विचारा.

अर्ज फोनवर होत नाही, हे माझ्या डेस्कच्या दिवसांपासून सांगत आलोय. तेव्हा फोन करणाऱ्याला आम्ही पत्ता द्यायचो, ‘लेखी पाठवा’ म्हणायचो, आणि त्यातल्या कितीतरी जणांचं पत्र कधी यायचंच नाही. पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा फोन करायचा. मध्ये बारा हप्ते गेलेले असायचे. आजही नियम तोच आहे, फक्त पत्राऐवजी बऱ्याच ठिकाणी अकाउंटमधून सुरक्षित संदेश किंवा अर्ज अपलोड करता येतो. पत्रात चार ओळी पुरतात: कर्जाचा क्रमांक, घराचा पत्ता, ‘मी पीएमआय रद्द करण्याची मागणी करत आहे’ हे वाक्य आणि कोणत्या आधारावर तो आधार. टपालाने पाठवलंत तर सर्टिफाइड मेलने पाठवा, पावती जपून ठेवा. हे पत्र लिहून द्यायला कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

परतफेडीच्या इतिहासाची अट आहे, आणि तीही नेमकी आहे. गेल्या बारा महिन्यांत कोणताही हप्ता तीस दिवस किंवा जास्त उशिरा नको, आणि त्याआधीच्या बारा महिन्यांत साठ दिवस किंवा जास्त उशिरा नको. एक तारखेचा हप्ता दहा तारखेला गेला तर तो यात धरत नाहीत. पण कर्ज एका सर्व्हिसरकडून दुसऱ्याकडे गेलं की ऑटोपे तुटतो, लोकांच्या लक्षात येत नाही आणि पहिला हप्ता तीस दिवस चुकतो. कर्ज हस्तांतरित झाल्याचं पत्र आलं की त्या महिन्यात स्वतः हप्ता भरून पाहा. आणि नव्या सर्व्हिसरच्या नोंदीत घराची मूळ किंमत बरोबर आली आहे का, तेही विचारा. ती चुकली तर सगळी टक्केवारी चुकते.

अजून एक अट आपल्या लोकांना विशेष लागते. मूळ किमतीच्या नियमाने मागणी करताना घरावर दुसरं कर्ज नाही असं प्रमाणपत्र सर्व्हिसर मागू शकतो. आणि आपल्यातले कितीतरी जण इथल्या घरावर हेलॉक, म्हणजे घर तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज, काढून पुण्यात किंवा ठाण्यात फ्लॅट बुक करतात. बुक करायला माझी हरकत नाही, पण आधी पीएमआय काढून घ्या, मग हेलॉकचा विचार करा. उलटा क्रम लावला तर हेलॉक फेडून बंद होईपर्यंत दरमहा दीडशे डॉलर जात राहतात. याची दुसरी बाजूही आहे: तिकडचा फ्लॅट किंवा वडिलोपार्जित जागा विकून आलेले पैसे मुद्दलात भरण्याचा विचार असेल, तर भारतातला कर आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या तिकडच्या, खात्यातून पैसे बाहेर काढायला लागणारं सीएचं प्रमाणपत्र यात महिने जातात. ते पैसे प्रत्यक्ष हातात येईपर्यंत अप्रेझल मागवू नका, नाहीतर मूल्यांकनाची मुदत संपून फी पुन्हा भरावी लागेल.

रीफायनान्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे: फक्त पीएमआय काढण्यासाठी रीफायनान्स करू नका. तुमच्या रकमेवर क्लोजिंगचा, म्हणजे नवं कर्ज पक्कं करण्याचा, खर्च दोन-तीन टक्के धरला तरी पावणेनऊ ते तेरा हजार डॉलर होतो. वाचणार आहेत दीडशे महिन्याला. आणि आजच्या किमतीवर ८० टक्क्यांच्या वर असाल तर नव्या कर्जालाही पीएमआय लागतोच. व्याजदर तुमच्या साडेसहापेक्षा चांगला खाली आला असेल आणि त्या एकट्या कारणाने रीफायनान्स परवडत असेल, तर जरूर करा, पीएमआय त्यात ओघाने जाईल. ज्यांनी २०२० किंवा २०२१ मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं, त्यांनी तर तो दर जीवापाड जपावा. दीडशे डॉलर वाचवायला तीन टक्क्यांचं कर्ज सोडलेली माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना त्या दरावर परत आणायचा कोणताही मार्ग माझ्याकडे नव्हता. ते कर्ज तसंच ठेवून आजच्या किमतीवर अर्ज करणं, हाच त्यांच्यासाठी योग्य रस्ता.

मोठी रक्कम मुद्दलात भरली तरी हप्ता आपोआप कमी होत नाही, कर्ज फक्त लवकर संपतं. हप्ताही कमी हवा असेल तर रीकास्ट, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर हप्ता नव्याने ठरवून, मागता येतो. त्याची फी बहुधा दोनतीनशे डॉलर असते. पीएमआय काढायला मात्र रीकास्टची गरज नाही, कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

हे सगळं दरमहा भरायच्या पीएमआयचं झालं. तुमच्या स्टेटमेंटवर पीएमआयची ओळच नसेल आणि डाउन पेमेंट वीस टक्क्यांहून कमी असेल, तर क्लोजिंग डिस्क्लोजर, म्हणजे कर्ज घेताना मिळालेला अटी आणि खर्चांचा कागद, काढून पाहा. कर्ज देणाऱ्याने विमा स्वतः भरून त्याबदल्यात तुमचा व्याजदर थोडा वाढवलेला असू शकतो. तो रद्द होत नाही, रीफायनान्स किंवा घर विकणं एवढेच मार्ग. एफएचए, म्हणजे फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या, कर्जाचं प्रकरण तर पूर्ण वेगळं. तिथला विमा सरकारी असतो, त्याला एमआयपी म्हणतात आणि वरचा कायदा त्याला लागत नाही. ३ जून २०१३ पासूनच्या एफएचए कर्जांत दहा टक्क्यांहून कमी डाउन पेमेंट असेल तर तो कर्ज असेपर्यंत चालतो. दहा किंवा जास्त असेल तर अकरा वर्षं. घराची किंमत दुप्पट झाली तरी अप्रेझल करून तो जात नाही. एफएचएवाल्यांनी अप्रेझलसाठी सर्व्हिसरला फोन करून वेळ घालवू नये, कन्व्हेन्शनलमध्ये रीफायनान्सचा हिशोब करावा.

करसवलतीचं कारण देऊन काही जण पीएमआय चालू ठेवतात. ती वजावट २०२१ नंतर बंद होती आणि २०२६ च्या करवर्षापासून पुन्हा मिळणार आहे. पण एक लाख डॉलरच्या वर समायोजित उत्पन्न गेलं की ती कमी होत जाते आणि १,०९,००० च्या पुढे शून्य. दोघं नोकरी करणाऱ्या घराला तिचा उपयोग जवळजवळ नाहीच.

नकार आला तर कारण लेखी मिळण्याचा हक्क तुम्हाला कायद्याने आहे, तीस दिवसांत, आणि मूल्यांकनाच्या आधारावर नाकारलं असेल तर त्याच्या निकालासह. अहवालात खोल्यांची संख्या, क्षेत्रफळ, तुलनेची घरं तपासा. चुका सापडतात. मूळ किमतीच्या नियमात बसूनही सर्व्हिसर टाळाटाळ करत असेल तर ‘नोटिस ऑफ एरर’ असं शीर्षक घालून पत्र पाठवा. त्याची पोच पाच कामकाजाच्या दिवसांत आणि उत्तर तीस कामकाजाच्या दिवसांत द्यावं लागतं. त्या शीर्षकाने पत्र वेगळ्या टेबलावर जातं, हे मी आतून पाहिलेलं आहे. त्यानेही हललं नाही तर सीएफपीबीकडे, म्हणजे ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाच्या केंद्रीय संस्थेकडे, आणि न्यू जर्सीच्या बँकिंग आणि विमा खात्याकडे तक्रार करता येते, दोन्ही फुकट.

तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात रिअल्टरकडून विक्रीची यादी मागवा. तुमच्या घराची किंमत तुमच्या हिशोबाने ५,९०,००० किंवा वर येत असेल तर सहाशे भरा. मी ५,७८,५०० च्या वर थोडी मोकळीक मुद्दाम ठेवतो, कारण अप्रेझर सहसा हात राखून लिहितो. त्याहून कमी पण ५,३३,००० च्या वर असेल, तर आधी मुद्दलात किती भरू शकता ते दोघांनी बसून ठरवा आणि मग अर्ज करा. पाच वर्षांपर्यंत थांबायचं ठरलं तर २०२७ च्या डिसेंबरची नोंद आजच कॅलेंडरमध्ये करून ठेवा.

मंजुरीचं पत्र आलं की पुढची दोन स्टेटमेंटं तपासा. आगाऊ भरलेला, न वापरलेला प्रीमियम उरला असेल तर तो ४५ दिवसांत परत यायला हवा. दरमहा भरणाऱ्यांना तो फारसा नसतो. ऑटोपे सर्व्हिसरकडूनच असेल तर हप्ता आपोआप दीडशेने उतरतो. पण तुमच्या बँकेच्या बिल-पेमधून ठरावीक आकडा जात असेल तर तो तुम्हालाच जाऊन बदलावा लागतो.